बाहेर बसलेल्या दोघी

सिडनी शहरात डोळ्यांचे एक डॉक्टर होते. नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग त्यांचं नाव. तरुणपणी क्रिकेट आणि टेनिस खेळलेले, पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले आणि आता पन्नाशीला टेकलेले. लहान मुलांचे डोळे तपासणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

१९४१ साल उजाडलं आणि त्यांच्याकडे एकापाठोपाठ एक अशी बाळं येऊ लागली, की ज्यांच्या डोळ्यातली काळी बाहुली पांढरी दिसत होती. जन्मजात मोतीबिंदू. आजार नवा नव्हता, पण तो क्वचित दिसणारा. इथं तर एक बाळ तपासून होत नाही तोच दुसरं दारात. बरं, ही बाळं नेहमीच्या जन्मजात मोतीबिंदूच्या बाळांसारखीही नव्हती. अंगानं किरकोळ, दूध ओढताना दमणारी, पुष्कळांच्या छातीला नळी लावली की हृदयाचा वेगळाच आवाज येणारी. काहींचे डोळेच मुळात लहान राहिलेले.

त्या काळच्या पुस्तकांत जन्मजात मोतीबिंदूचं कारण ठरलेलं होतं: आनुवंशिकता. घराण्यात चालत आलेला दोष. ग्रेगनी घराण्यांची चौकशी केली. आजोबा, आजी, आत्या, मामा. कुठंच तसलं काही नाही. शिवाय घराण्यातला दोष शहरातल्या इतक्या निरनिराळ्या घरांत एकाच हंगामात कसा उगवेल? डोळ्याच्या भिंगात पांढरं कुठं आणि किती पसरलंय ते पाहून त्यांनी अंदाज बांधला, की घाव गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत बसला असावा. पण घाव घालणारा कोण?

पुढं काय झालं ते वैद्यकाच्या इतिहासात असं सांगितलं जातं. ग्रेग यांच्या खोलीबाहेर आपापली बाळं मांडीवर घेऊन आया बसल्या होत्या. त्यातल्या दोघींचं बोलणं डॉक्टरांच्या कानी पडलं. एकमेकींची ओळखपाळख नसलेल्या दोघी, पण मांडीवरचं दुःख एकच. बोलता बोलता निघालं की दिवस राहिले तेव्हा दोघींच्याही अंगावर पुरळ उठलं होतं. जर्मन गोवर. आज आपण त्याला रुबेला म्हणतो. त्यामुळं तर बाळाला असं झालं नसेल ना, अशी शंका त्या बोलून दाखवत होत्या.

आता त्या काळचा जाणता डॉक्टर हे ऐकून काय म्हणाला असता? हसला असता आणि दार लावून घेतलं असतं. त्यात त्याचं फारसं चुकलंही नसतं, कारण बाळात व्यंग निघालं की प्रत्येक आई मागं वळून कारण शोधते. आपल्याकडे सांगतातच की, ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटका निघाला. युरोपातही असल्या समजुती होत्या: पोटुशी बाई सशाला पाहून दचकली म्हणून बाळाचा ओठ सशासारखा. असल्या समजुती मोडून काढायला वैद्यकाला फार काळ लागला होता. त्या मोडताना डॉक्टर मंडळी एक गोष्ट शिकली, आणि जरा जास्तच शिकली: बाळाच्या व्यंगाबद्दल आई जे सांगते ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

दुसरं कारण अधिक शास्त्रीय वाटणारं होतं. ते म्हणजे वार. बाळाला नाळेनं जोडलेला हा अवयव आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू घेतो, बाळाची घाण परत पाठवतो, आणि तरी दोघांचं रक्त एकमेकांत मिसळू देत नाही. इतका भक्कम पहारा असताना आईला झालेला किरकोळ आजार बाळापर्यंत पोचेल कसा? आणि जर्मन गोवर किरकोळच होता. दोन-तीन दिवस पुरळ, बारीक ताप, कानामागच्या गाठी सुजणार, की संपलं. पोटातलं बाळ या पहाऱ्याच्या आत सुरक्षित आहे, यावर बहुतेकांचा विश्वास होता.

ग्रेगनी दार लावलं नाही. त्यांनी हिशेब मांडला.

ही बाळं कधी जन्मली? तिथून मागं जाऊन गर्भाचे पहिले दोन महिने कधी येतात? ते येत होते १९४० च्या मध्यावर, तिकडच्या हिवाळ्यात. आणि त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची मोठी साथ येऊन गेली होती. युद्धाचे दिवस होते. छावण्यांत दाटीवाटीनं राहणारी तरुण पोरं आजारी पडली, रजेवर घरी गेली आणि साथ गावोगाव पसरली. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या त्या देशात अशी मोठी साथ नेहमी येत नसे. त्यामुळं लहानपणी हा आजार न झालेल्या पुष्कळ तरुणी तिच्या तडाख्यात सापडल्या, आणि त्यांतल्या काही नुकत्याच गरोदर होत्या.

हिशेब जुळत होता. पण जुळणारा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ग्रेगनी दुसरं काम केलं. सहकारी नेत्रतज्ज्ञांना विचारलं, तुमच्याकडे अशी बाळं आली आहेत का? असतील तर त्यांच्या आयांना विचारा, गरोदरपणात काय झालं होतं, कितव्या महिन्यात झालं होतं. ज्या प्रश्नाकडे काणाडोळा करायला शिकवलं गेलं होतं, नेमका तोच प्रश्न आता पद्धतशीरपणे, एकेका आईला विचारला जाऊ लागला.

एकूण ७८ बाळांची माहिती जमली. त्यांतल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात जर्मन गोवर होऊन गेल्याचं निघालं, आणि बहुतेकींना तो अगदी सुरुवातीच्या काळात झाला होता. ४४ बाळांच्या हृदयात दोष होता. १५ बाळं दगावली होती. १५ ऑक्टोबर १९४१ या दिवशी मेलबर्नमध्ये नेत्रतज्ज्ञांच्या सभेत ग्रेगनी आपला निबंध वाचला. गरोदर आईला झालेला जर्मन गोवर आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध पहिल्यांदाच असा मांडला गेला.

बोधकथेत इथं जयजयकार व्हायला हवा. झाला नाही. ऑस्ट्रेलियातच ॲडलेडच्या चार्ल्स स्वान आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपास करून १९४३ मध्ये दुजोरा दिला. बाळं मोठी होऊ लागली तसं आणखी एक दुःख उघड झालं: त्यांच्यातल्या पुष्कळांना ऐकूच येत नव्हतं. तरीही लंडनच्या 'लॅन्सेट' या मान्यवर नियतकालिकानं १९४४ मध्ये असंच म्हटलं, की संबंध सिद्ध झालेला नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आधी आजारी बाळ आणि मग आईच्या आठवणी, अशा उलट्या वाटेनं ही माहिती जमली होती. ज्यांना जर्मन गोवर झाला पण बाळ धडधाकट निघालं, अशा आया नेत्रतज्ज्ञाकडे कशाला येतील? त्यांची मोजदाद कुणी केली? हा प्रश्न रास्त होता. रास्त प्रश्न विचारणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं, एवढंच.

मग या कथेत दुसरा माणूस येतो. तो दवाखान्यातला नव्हे, आकड्यांतला. ऑलिव्हर लँकेस्टर हे सिडनीचेच संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी विचार केला, की रुबेलानं बाळं बहिरी होत असतील तर ते काही १९४० सालीच सुरू झालं नसणार. आधीच्या साथींनीही आपली खूण ठेवलेली असणार. कुठं? सरकारी दप्तरात. ऑस्ट्रेलियाच्या १९११ च्या जनगणनेत मूकबधिरांची वयवार मोजदाद होती. तिच्यात १० ते १४ वर्षं वयाच्या गटाचा आकडा डोळ्यात भरावा असा फुगलेला होता. दहा वर्षांनी, १९२१ च्या जनगणनेत, तोच फुगवटा २० ते २४ वर्षांच्या गटात सरकलेला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत जन्मलेली एक अख्खी पिढी इतरांपेक्षा जास्त बहिरी होती, आणि त्या वर्षांत तिथं रुबेलाची साथ होऊन गेली होती. मूकबधिरांच्या शाळांचे दाखले पाहून लँकेस्टरनी मुलांच्या जन्मतारखा साथींशी ताडून पाहिल्या आणि १९५१ मध्ये ते सारं प्रसिद्ध केलं. इथं कुणाच्या आठवणीवर विसंबायचं कारण उरलं नाही. साथ, आणि काही महिन्यांनी जन्मलेली बहिरी मुलं.

त्या मुलांच्या आयांनीही कधीतरी कुणाजवळ बोलून दाखवलं असेलच की, पोटुशी असताना अंगावर पुरळ आलं होतं. त्यांचं बोलणं वाऱ्यावर गेलं. आकडा तेवढा कागदावर राहिला, आणि कुणीतरी विचारीपर्यंत चाळीस वर्षं तिथंच पडून होता.

वारेचं म्हणाल तर शास्त्रानं पुढं तिचाही उलगडा केला. ती भक्कम असते हे खोटं नव्हतं. वारेच्या बारीक बारीक फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात आणि त्यांच्यावरचं सगळ्यात बाहेरचं आवरण शिवण नसलेल्या कापडासारखं असतं. पेशी एकमेकींत विरघळून त्यांचा एकच सलग थर झालेला असतो, त्यामुळं दोन पेशींच्या फटीतून घुसायला जागाच नाही. बहुतेक जंतू या थरापाशी अडतात. म्हणूनच गरोदरपणातल्या सर्दीपडशानं बाळं जायबंदी होत नाहीत. पण 'बहुतेक' आणि 'सगळे' यांत जे अंतर आहे, त्या अंतरातून रुबेला आत आला. तो वारेतच मुक्काम करतो. तिच्यातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी नासवतो, आणि त्या निसटलेल्या पेशींबरोबर बाळाच्या रक्तात उतरतो. त्या आठवड्यांत बाळाचे डोळे, कान आणि हृदय घडत असतात. पेशींची वाढ तिथंच खुंटली तर तो अवयव पुढं कधीच पुरता घडत नाही. दिवस राहिल्याच्या सुरुवातीच्या काळात लागण झाली, तर विषाणू बाळापर्यंत पोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. चौथा महिना उलटल्यावर हाच आजार बाळाला सहसा इजा करत नाही. मोतीबिंदूवरून ग्रेगनी केलेला अंदाज खरा होता.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला. लस अजून व्हायची होती, तोवर १९६४-६५ ची साथ आलीच. एकट्या अमेरिकेत सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलाचे घाव घेऊन जन्मली. लस १९६९ मध्ये आली. ग्रेग १९६६ मध्येच गेले होते.

आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोवा होतं. महाराष्ट्रातल्या शाळांत ती नोव्हेंबर २०१८ मध्ये पोचली. ऑस्ट्रेलिया रुबेलामुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं तेही त्याच वर्षी. गरोदरपणात ही लस देत नाहीत, म्हणून ती लहानपणीच टोचायची असते, मुलींना आणि मुलग्यांनाही. मुलगा गरोदर राहणार नसतो, पण साथ घरात आणणारा तो असू शकतो. मोहिमेच्या काळात ठिकठिकाणी मोबाइलवरून निरोप फिरले, की या सुईनं मुलं पुढं वांझ होतात. घाबरून काही आईबापांनी पोरांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही.

एवढं सगळं शिकून झाल्यावर जग शहाणं झालं असेल असं वाटतं. पण २०१५ चा ऑगस्ट आठवा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात व्हॅनेसा व्हॅन डर लिंडेन या मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ काम करतात. त्यांच्याकडे अचानक फार लहान डोक्याची बाळं येऊ लागली. त्यांच्या आईही त्याच शास्त्रातल्या डॉक्टर. त्यांनीही लेकीला कळवलं, की आपल्याकडे एकाच दिवशी अशी कितीतरी बाळं आली आहेत. आयांना विचारलं तर पुष्कळजणींचं उत्तर तेच: गरोदरपणात अंगावर पुरळ उठलं होतं. त्या वर्षी तिथं झिकाची साथ होती. झिकाचा विषाणू युगांडाच्या जंगलात १९४७ मध्येच सापडलेला, आणि त्याचीही ख्याती तीच: किरकोळ ताप, चार दिवसांत बरा. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या राज्यातल्या डॉक्टर आद्रियाना मेलो यांनी अशा बाळांच्या दोन आयांच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले, तेव्हा त्यांत झिकाचा विषाणू निघाला. वारेतल्या ज्या पेशींचं काम घुसखोराला गिळण्याचं, त्या पेशींतच हा विषाणू वाढतो, असंही पुढं आढळलं.

तिथंही शंका निघाल्या. आधीपासूनच असतील अशी बाळं, नोंदी आता नीट होताहेत म्हणून जास्त दिसताहेत, असं काहींचं म्हणणं पडलं. पण या वेळी काही महिन्यांतच जग जागं झालं, आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. ग्रेग यांच्या वेळी जिथं वर्षं लागली, तिथं आता महिने लागले. हा फरक नुसत्या यंत्रांनी पडलेला नाही. आई बोलते ते टिपून ठेवायचं, ही सवय मधल्या काळात थोडीफार लागली होती. आपल्याकडेही पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या रुग्णांमध्ये गरोदर बायकाही निघाल्या. आरोग्य खात्यानं त्या भागातल्या गरोदर बायका शोधून त्यांच्या तपासण्या हाती घेतल्या, त्याचं मूळ या जुन्या गोष्टीत आहे.

आता तात्पर्य. सोपं तात्पर्य काढायचं तर म्हणता येईल, की आईचं ऐकावं, आईला सगळं कळतं. पण ते खरं नाही. मग ग्रहणाचं काय? तेही आईच सांगते, आजी सांगते, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. ग्रेगनी नुसतं ऐकलं असतं तर त्यांना ग्रहणावरही विश्वास ठेवावा लागला असता. त्यांनी ऐकलं आणि मग मोजलं. ग्रहणालाही तीच कसोटी लावून पाहा. ग्रहण साऱ्या जिल्ह्याला दिसतं. त्या दिवशी जिल्ह्यात कितीतरी हजार बायका पोटुशी असतात, त्यातल्या कित्येकींच्या हातात सुरी असते, आणि त्यांची बाळं धडधाकट जन्मतात. हिशेब मांडला की ग्रहण सुटतं आणि रुबेला उरतो. 'सुईनं वांझ होतात' या निरोपालाही तोच हिशेब पुरे आहे: ज्या देशांत पन्नास वर्षं ही लस टोचली जातेय, तिथं ती घेतलेल्या मुली आज आया आणि आज्या झाल्या आहेत. निरोप वाचून घाबरलेल्या बापाला मूर्ख म्हणण्याऐवजी त्याच्यासमोर हे मांडता येतं. तोही आपल्या पोरासाठीच घाबरलेला असतो.

जो डॉक्टर म्हणाला, 'बाईमाणसाचं बोलणं, त्यात काय तथ्य असणार', त्यानं बोलणारीकडे पाहिलं. जी सून म्हणाली, 'सासूबाई सांगतात म्हणजे ग्रहण पाळायलाच हवं', तिनंही बोलणारीकडेच पाहिलं. एकानं नाकारलं, एकीनं मानलं, पण चूक दोघांची एकच. सांगणारा कोण आहे हे पाहून दोघांनी निकाल दिला, सांगितलेलं पडताळून पाहण्याचे कष्ट मात्र कुणीच घेतले नाहीत. ग्रेग त्या दोघींना अडाणी म्हणाले नाहीत, आणि तुमचंच खरं असंही म्हणाले नाहीत. त्यांनी आणखी आयांना विचारलं, उत्तरं लिहून घेतली आणि ती सगळ्यांपुढे तपासायला ठेवली. शहाण्या माणसाला कान दोन्ही बाजूंना उघडे ठेवावे लागतात, आणि ऐकलेलं प्रत्येक बोलणं, मग ते प्राध्यापकाचं असो की बाहेर बसलेल्या बाईचं, एकाच तराजूत घालावं लागतं.